यंत्र घरी आले, सुरक्षेची व्यवस्था कारखान्यातच राहिली

घरगुती कार्यशाळेत विजेवरची हत्यारे वापरताना कोणती दक्षता घ्यावी, आणि का

अधारताल (जबलपूर) : राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांच्या नावाच्या तलावामुळे ओळखला जाणारा अधारताल परिसर आज जबलपूरच्या औद्योगिक जीवनाचा एक प्रमुख भाग आहे. औद्योगिक वसाहत आणि राहत्या वस्त्या येथे शेजारी-शेजारी नांदतात. शहरात गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून उभी आहे. खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आला, तर व्हेईकल फॅक्टरी १९६९ मध्ये. फिटर, टर्नर, वेल्डर आणि सुतार यांच्या कित्येक पिढ्या या कारखान्यांनी घडविल्या. अशा शहरात नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर घराच्या ओसरीत, जिन्याखाली वा गॅरेजमध्ये एक शिकंजा, एक ग्राइंडर आणि एक ड्रिल मशीन मांडले जाणे स्वाभाविकच आहे. अंबरनाथ, खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा किंवा नागपूरचे अंबाझरी या महाराष्ट्रातील आयुध कारखान्यांच्या गावांनाही हे चित्र अपरिचित नाही.

तथापि, कारखान्यातून घरी येताना कामगार आपले कौशल्य सोबत आणतो. तेथील सुरक्षेची व्यवस्था मात्र मागेच राहते. कारखान्यात यंत्राला कवच बसविणारा वेगळा, तपासणारा वेगळा, चूक दिसताच काम थांबविणारा पर्यवेक्षक वेगळा आणि अपघात झाल्यास प्रथमोपचार करणारा वेगळा असतो. घरी ही सर्व कामे एकाच माणसाकडे येतात आणि बहुधा तो त्या वेळी एकटा असतो. म्हणूनच अनुभवी कारागिरालाही घरच्या कार्यशाळेत धोका अधिक संभवतो.

कायद्याची हद्द

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ नुसार यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागांना कवच असणे बंधनकारक होते. कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाविषयी होते, तर कलम ४०-ब नुसार १ हजार किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमावा लागत असे. परंतु या अधिनियमाच्या व्याख्येनुसार विजेचा वापर होणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगार असतील तरच तो ‘कारखाना’ ठरत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा २० वर नेली. एक-दोन माणसांची घरगुती कार्यशाळा या दोन्ही व्याख्यांच्या बाहेर राहते.

भरपाईच्या बाबतीतही हाच फरक आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत अवयवहानीचे प्रमाण ठरवून दिलेले होते. अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के आणि एक डोळा गमावल्यास ४० टक्के घटल्याचे मानले जात असे. मालकाच्या कामावर असताना झालेल्या इजेला हा हिशेब लागू होतो. स्वतःच्या घरी, स्वतःसाठी काम करताना तेच बोट गेले तर भरपाई देणारा कोणीही नसतो.

दुसरीकडे, विजेवरची हत्यारे घरोघरी पोहोचण्याचे प्रमाण वाढते आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिल्पकार आदी १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि मूलभूत प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. हाताची करवत आणि छिन्नी यांवर वाढलेल्या कारागिराच्या हाती मिनिटाला हजारो फेरे घेणारे यंत्र येते, तेव्हा जुनी सावधगिरी पुरेशी ठरत नाही. हाताची करवत अडकली तर थांबते. विजेची करवत अडकली तर उसळते.

ग्राइंडर : चकतीचे गणित

घरगुती कार्यशाळेत सर्वाधिक वापरले जाणारे आणि सर्वाधिक गृहीत धरले जाणारे हत्यार म्हणजे चार इंची अँगल ग्राइंडर. त्याची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते. १०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचा परीघ ३१ सेंटिमीटरहून थोडा अधिक असतो. म्हणजेच तिची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. चकती तडकली तर तिचे तुकडे याच वेगाने सुटतात.

यावरून कवचाचे महत्त्व लक्षात येते. अनेक ठिकाणी कोपऱ्यात हत्यार पोहोचत नाही म्हणून किंवा मोठी चकती बसावी म्हणून कवच काढून टाकले जाते. यांपैकी दुसरे कारण अधिक घातक आहे. सात इंची, म्हणजे १८० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर सामान्यतः मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांची कमाल मर्यादा छापलेली असते. ती चार इंची ग्राइंडरवर ११ हजार फेऱ्यांनी फिरविल्यास वेग मर्यादेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो सुमारे ६७ टक्क्यांनी अधिक होतो. शिवाय त्या वेळी तुकडे अडविणारे कवचही जागेवर नसते.

चकती बसविण्यापूर्वी तिच्यावरील कमाल फेऱ्यांचा आकडा ग्राइंडरच्या पट्टीवरील आकड्याइतका किंवा त्याहून अधिक आहे, याची खात्री करावी. राळेने बांधलेल्या चकत्या ओलाव्याने आणि काळाने कमकुवत होतात. त्यामुळे अनेक उत्पादक मधल्या धातूच्या कड्यावर वापराची मुदत छापतात. ती साधारणतः निर्मितीपासून तीन वर्षांची असते. पावसाळाभर ओलसर भिंतीला टेकवून ठेवलेली किंवा हातून पडलेली चकती टाकून देणेच श्रेयस्कर. कापण्याची पातळ चकती घासण्यासाठी वापरू नये, कारण बाजूने येणारा दाब सोसण्यासाठी ती बनविलेली नसते. नवी चकती बसविल्यावर ग्राइंडर अंगापासून दूर धरून अर्धा ते एक मिनिट रिकामा फिरवावा. बाजूची मूठ काढू नये आणि हत्यार नेहमी दोन्ही हातांनी धरावे.

मेजावर बसविलेल्या ग्राइंडरचे नियम थोडे वेगळे आहेत. त्याचा दगड बसविण्यापूर्वी लाकडी मुठीने हलके ठोकून पाहावा. निर्दोष दगड खणखणीत वाजतो, तडा गेलेल्याचा आवाज बद्द येतो. हत्यार टेकविण्याची पट्टी आणि दगड यांतील अंतर तीन मिलिमीटरहून अधिक नसावे. अन्यथा लहान तुकडा मधल्या फटीत ओढला जातो आणि त्यामागोमाग बोटही जाते.

मार्बल कटरने लाकूड कापण्याची सवय

फरशी आणि संगमरवर कापण्यासाठी बनविलेल्या मार्बल कटरला लाकडाचे दातेरी पाते लावून प्लायवूड चिरणे ही भारतीय कार्यशाळांतील अत्यंत रूढ सवय आहे. हे यंत्र लाकडाच्या गोल करवतीपेक्षा स्वस्त आणि हलके असते. परंतु ते मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे घेते, तर लाकडासाठीची सात इंची गोल करवत साधारणतः पाच हजारांच्या आसपास. त्याहून महत्त्वाचा फरक कवचाचा आहे. गोल करवतीचे खालचे कवच स्प्रिंगवर चालते. करवत लाकडातून बाहेर येताच ते आपोआप पात्यावर येते. मार्बल कटरला असे कवच नसते. काम संपल्यावर, बटण सोडल्यानंतरही काही क्षण उघडे दाते फिरत राहतात. कारागीर ते यंत्र मांडीजवळ किंवा जमिनीवर टेकवितो आणि नेमक्या त्याच क्षणी जखम होते.

पाते का उसळते, हेही समजून घेण्यासारखे आहे. फळी दोन्ही टोकांना टेकवून मध्ये कापली तर ती स्वतःच्या वजनाने मध्यभागी वाकते आणि चिरेची फट वरून मिटू लागते. मिटणारी फट पाते आवळते. थांबलेल्या पात्याला मोटर फिरवू पाहते आणि ती सर्व शक्ती यंत्राला मागे, कारागिराच्या दिशेने फेकते. म्हणून फळीला आधार असा द्यावा की कापला जाणारा तुकडा मोकळा खाली पडेल. पात्याच्या रेषेत उभे न राहता किंचित बाजूला उभे राहावे. जुन्या लाकडातील खिळे आधी काढावेत. लाकूड पायाने दाबून धरण्याऐवजी क्लॅम्पने आवळावे.

ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावणे याहूनही धोक्याचे आहे. कापण्याचे काम वारंवार करावे लागत असेल तर खरी गोल करवत घेणे हाच योग्य मार्ग आहे.

मेजावरची करवत वापरणाऱ्यांनी लाकूड पुढे सरकविण्यासाठी हाताऐवजी लाकडी दांडी वापरावी आणि पात्यामागची पाचर, जी फट मिटू देत नाही, ती काढू नये. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार त्या देशात २०१५ मध्ये मेजावरच्या करवतीचे पाते लागून ३० हजारांहून अधिक लोकांना इजा झाली. बोटाचा स्पर्श होताच काही सहस्रांश सेकंदांत पाते थांबविणारे तंत्र उपलब्ध असले, तरी सामान्य भारतीय घरगुती कार्यशाळेच्या आवाक्याबाहेरच आहे. तेथे दांडी आणि पाचर हीच खरी सुरक्षा होय.

हातमोजे, गमछा आणि कडे

संरक्षण म्हणजे हातमोजे, हा समज प्रत्येक ठिकाणी खरा नाही. पत्रा उचलताना हातमोजे आवश्यक आहेत. परंतु ड्रिल मशीन, लेथ आणि मेजावरची करवत येथे सैल हातमोजाच धोका ठरतो, कारण फिरत्या टोकाने त्याचा एक धागा पकडला की हात आत ओढला जातो. गळ्यातला गमछा, लांब बाही, ओढणी, मोकळे केस, मनगटावरचे कडे किंवा राखी, बोटातली अंगठी यांनाही हेच लागू होते. काम सुरू करण्यापूर्वी या वस्तू काढून ठेवाव्यात.

ड्रिलच्या चकमध्ये चावी तशीच ठेवून बटण दाबणे ही नेहमीची चूक. चावी वायरलाच बांधून ठेवली, तर प्लग काढल्याशिवाय ती सहज वापरता येत नाही. छिद्र पाडताना पत्र्याचा लहान तुकडा हातात धरू नये. ड्रिलचे टोक पत्र्यातून आरपार जाताना अडकते आणि पत्रा पंख्यासारखा फिरतो.

डोळ्यांसाठी साधा चष्मा पुरेसा नाही, कारण त्याच्या बाजू मोकळ्या असतात. बाजूने बंद असलेला आणि भारतीय मानक आयएस ५९८३ चा उल्लेख असलेला सुरक्षा चष्मा घ्यावा. ग्राइंडर चालविताना त्यावर चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल लावणे अधिक चांगले.

वीज : एमसीबी पुरेसा नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात देशात विजेचा धक्का बसून १२ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. घरात एमसीबी बसविलेला असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः एमसीबी तारा अतिभारापासून वाचवितो. १६ अँपिअरचा एमसीबी त्या मर्यादेहून मोठ्या प्रवाहालाच पडतो; माणसाच्या जिवावर बेतण्यास मात्र त्याच्या काही शतांशांइतका प्रवाह पुरतो. माणसाला वाचविण्यासाठी आरसीसीबी हे वेगळे उपकरण लागते. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ते वीज तोडते. त्यावरील ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून ते चालते की नाही, हे पाहावे.

हत्याराच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असेल तर त्यात दुहेरी विद्युतरोधन असते आणि त्याला अर्थिंगची गरज नसते. चिन्ह नसलेल्या, धातूच्या आवरणाच्या यंत्राला तिसरी पिन अनिवार्य आहे. ती कापून टाकणे किंवा प्लगऐवजी तारांची उघडी टोके काडीने सॉकेटमध्ये खुपसणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. दोन हजार वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर प्रवाह घेते. घरातील लहान सॉकेट मात्र ६ अँपिअरचे असते. अशी यंत्रे १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटवरच लावावीत. एक्स्टेंशनची वायर गुंडाळी सोडून पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर तापून तिचे आवरण वितळू शकते.

वारंवार वीज जाणाऱ्या भागांत आणखी एक धोका असतो. ग्राइंडरचे बटण दाबून अडकविलेले असताना वीज गेली आणि कारागीर यंत्र तसेच टाकून उठला, तर वीज परतताच ते यंत्र आपोआप सुरू होते आणि जमिनीवर नाचू लागते. घरातले मूल त्या वेळी जवळ असू शकते. म्हणून वीज जाताच प्रथम बटण बंद करावे आणि मग प्लग काढावा. चकती, पाते किंवा ड्रिलचे टोक बदलतानाही प्लग काढलेला असावा. बॅटरीवरच्या यंत्रांत बॅटरी वेगळी करावी.

न दिसणारी इजा

बोट कापले की ते लगेच कळते. फुफ्फुस आणि कान यांची हानी वर्षांनी कळते. वाळूचा दगड, ग्रॅनाइट, फरशी यांच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सिलिकाची अशी धूळ आणि लाकडाचा भुसा या दोहोंना मानवी कर्करोगाची निश्चित कारणे मानले आहे. मध्य प्रदेशातच मंदसौर येथील पाटीच्या पेन्सिली बनविणाऱ्या कामगारांमध्ये सिलिकोसिसने घातलेला थैमान वैद्यकीय अभ्यासांत नोंदलेला आहे. ऑस्ट्रेलियाने तर सिलिकाचे प्रमाण अतिशय जास्त असलेल्या कृत्रिम दगडाच्या वापरावर जुलै २०२४ पासून बंदी घातली.

तोंडाला बांधलेला रुमाल ही सूक्ष्म धूळ अडवू शकत नाही. आयएस ९४७३ मानकाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क वापरावा आणि काम शक्यतो उघड्यावर करावे. दगड कापताना पाणी सोडल्यास धूळ बरीच बसते. परंतु पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने तेथे आरसीसीबी नसेल तर हा उपाय करू नये.

ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास सहन करता येतो आणि दर ३ डेसिबल वाढीला हा अवधी निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. कानांत घालावयाचे साधे फोमचे बोळे हे नुकसान मोठ्या प्रमाणात टाळतात.

ठिणग्यांचाही विचार करावा. थिनर, पेट्रोल, रंगाचे डबे आणि भुशाचा ढीग ठिणग्यांच्या वाटेत नसावेत. काम संपल्यावर अर्धा तास तरी जागेवर लक्ष ठेवावे, कारण भुसा आतल्या आत धुमसत राहतो.

अपघात घडलाच तर

घरच्या कार्यशाळेत एकट्याने काम करणे टाळावे. ते शक्य नसल्यास घरातील एका तरी व्यक्तीला मुख्य स्विच कोठे आहे, हे माहीत असावे. विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीला हात लावण्यापूर्वी तो स्विच बंद करणे आवश्यक असते. ती श्वास घेत नसल्यास ताबडतोब छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवावी.

जखमेतून रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे घट्ट दाब द्यावा. मध्येच कापड उचलून पाहू नये. जखमेवर हळद, चहापूड किंवा ग्रीस लावू नये. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास त्यातील पेशी मरतात. शल्यचिकित्सेच्या प्रचलित निकषांनुसार न थंड केलेले बोट सुमारे १२ तास आणि योग्य रीतीने थंड ठेवलेले २४ तासांपर्यंत जोडण्याजोगे राहू शकते. तथापि प्रत्येक तासागणिक यशाची शक्यता घटते. जवळच्या रुग्णालयात ही सोय नसेल तर ती कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच दूरध्वनीवरून विचारावे.

डोळ्यात कण रुतला असल्यास डोळा चोळू नये आणि तो कण चिमट्याने वा रुमालाच्या टोकाने काढू नये. डोळ्यावर दाब न देता कागदी पेला झाकून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.

विम्याबाबतही स्पष्ट कल्पना असणे इष्ट. वार्षिक २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपये, तर एका डोळ्याची दृष्टी किंवा एक हात वा पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. एखादे बोट गेल्यास मात्र या योजनेतून काहीही मिळत नाही.

बटण दाबण्यापूर्वी पाच गोष्टी पाहण्याची सवय लावली, तर कारखान्यातील पर्यवेक्षकाचे बरेचसे काम घरीच होते. कवच जागेवर आहे का, चकती किंवा पाते या यंत्रासाठीच बनविलेले आहे का, वस्तू क्लॅम्पने आवळली आहे का, चष्मा डोळ्यांवर आहे का आणि मूल जवळपास नाही ना? यांपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल असेल तर काम थांबवावे. कारखान्यात ते थांबविण्यासाठी दुसरा माणूस असतो. घरी तो निर्णय हत्यार हातात धरणाऱ्यालाच घ्यावा लागतो.